दीड वर्षाच्या पोरीला अंगणवाडीतल्या पाळण्यात ठेवू का? वेचणी सुरू झाली, लवकर सांगा

पऱ्हाटीवाली

नमस्कार. आजवर इथं नुसतं वाचत होती, लिहायची ही पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या. यवतमाळ जिल्ह्यातलं लहानसं गाव आहे आमचं, तालुक्याचं ठिकाण २२ किलोमीटर. घरचं चार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कपाशी अन मधात तुरीचे तास, घरचं आटोपलं की मी दुसऱ्याच्या वावरात वेचाईले जाते. मोठा मुलगा पहिलीत आहे, लहानी १९ महिन्यांची. तिले आजवर सासूबाई पाहत होत्या म्हणून कधी प्रश्नच आला नाही, पण पोळ्याच्या आधी त्या न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन कशाबशा चालतात, लेकरू उचलणं तर दूरच, त्यायचंच मले करावं लागते.

आमच्या अंगणवाडीत यंदा पाळणा सुरू झाला, म्हणजे पाळणाघर. सहा महिन्यांपासूनची लेकरं दिवसभर ठेवतात, त्यासाठी एक ताई वेगळी नेमली आहे अन एक मदतनीस. मी दोनदा जाऊन पाहून आली. खोली बरी आहे, सतरंजी आहे, दोन झोके आहेत, पंखा आहे पण फिरत नव्हता, लाईन नव्हती का पंखाच बिघडला होता देव जाणे. बारा लेकरं होती, त्यातली चार अजून चालत नव्हती. माझी पोरगी सगळा वेळ माझा पदर धरून होती, मी उठली की रडे.

माझ्याजवळ तीनच रस्ते आहेत. एक म्हणजे तिले संगं वावरात न्यायचं, धुऱ्यावरच्या बाभळीले झोका बांधायचा अन तासा-तासानं येऊन पाहायचं, मोठ्याच्या वेळी हेच केलं होतं पण तो झोपाळू होता, ही एका जागी थांबत नाही अन वावरात विहिरीले कठडा नाही. दुसरा, जेठाची पोरगी अकरा वर्षांची आहे, ती म्हणते काकू मी दोन महिने घरी राहतो, पण तिची शाळा बुडते. तिसरा हा पाळणा. नवरा म्हणते तुले जे बरं वाटते ते कर, म्हणजे उद्या काही झालं तर बोल मलेच. शेजारची मावशी तर तोंडावर म्हणाली, "दूध पिणारं लेकरू सरकारले देऊन येशीन का व?" तेव्हापासून झोप नाही लागून राहिली.

विचारायचं हे की एवढ्या लहानपणी ठेवल्यानं लेकराच्या मनावर काही परिणाम होते का? पुढं चिडचिडी होते, भित्री होते असं काही आहे का? आईले विसरते का? आणि ज्यायनं ठेवलं त्यायच्या घरी काय फरक पडला, तुमचं स्वतःचं काय झालं तेही सांगा. यंदा किलोमागे दहा रुपये वेचाई आहे, सीझन घरी बसून काढणं परवडत नाही हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे "तूच सांभाळ" असा सल्ला कोणी देऊ नका.

कारंजाची_सून

ताई, पहिले त्या मावशीले म्हणा की रोज दोन तास येऊन बसा अन पोरगी खेळवा. येत नाही कोणी. बोलाले सगळे येतात.

माझा मुलगा १४ महिन्यांचा होता तेव्हा ठेवला, आता पाच वर्षांचा आहे. खरं सांगते, अकरा दिवस रडला. मोजले होते म्हणून आठवते. तो आत रडे अन मी दाराआड उभी राहून रडे, शेवटी मदतनीस बाई माझ्यावरच ओरडली की बाई तू जा, तू गेली की हा दहा मिनिटांत चूप होते, तुहा वास येते त्याले. बाराव्या दिवशी तो स्वतःहून तिच्या कडेवर गेला. मले तर त्या दिवशी जास्त वाईट वाटलं, हे आजवर कोणाले सांगितलं नाही, इथं तोंड दिसत नाही म्हणून लिहून राहिली.

आजारपणाचं कोणी सांगत नाही ते मी सांगते. पहिल्या दोन महिन्यांत तीनदा सर्दी-खोकला अन एकदा चांगलीच हगवण लागली. आशाताईनं ओआरएस अन झिंकच्या गोळ्या दिल्या, चौदा दिवस द्यायच्या असतात, हगवण थांबली तरी मधातच सोडू नका. त्या दोन महिन्यांत माझे दहा-बारा खाडे झाले, म्हणजे ठेवलं कामासाठी अन काम बुडलं आजारपणासाठी, असं वाटे की काय फायदा. नंतर मात्र कमी झालं, पुढच्या वर्षी तर क्वचितच. अंगावरचं दूध मी सोडलं नाही. सकाळी निघताना पाजायची अन परत आली की तो मले चपलाही काढू देत नव्हता, आधी दूध. आईले विसरते का म्हणता नं, घ्या.

एक गोष्ट वाईट झाली तीही ऐका. सात-आठ महिन्यांनी तिथली ताई बदलली, काम सोडून गेली, अन नवीन आली तर पोट्टं पुन्हा पहिल्यासारखं. चड्डीत करणं बंद झालं होतं ते सुरू झालं, खाणं सोडलं, रात्री दचकून उठे. महिना गेला त्यात. म्हणून ठेवायच्या आधी हे विचारून घ्या की ताई गावातलीच आहे का, टिकणार का, तिले पैसे वेळेवर भेटतात का. जिले चार-चार महिने मानधन नाही ती किती दिवस दुसऱ्याची लेकरं हसत खेळवीन.

सेविका_अमरावती

मी अंगणवाडी सेविका, २१ वर्षं झाली नोकरीला (नोकरी म्हणायची सवय, कागदावर आम्ही मानधनी). गाव सांगत नाही, समजून घ्या.

आधी एक घोळ काढून टाकते, कारण गावातही लोक मलाच विचारतात. अंगणवाडी वेगळी आणि पाळणा वेगळा. अंगणवाडीत बसतात ती ३ ते ६ वर्षांची लेकरं, काही तास, गाणी-गोष्टी, गरम आहार, मग घरी. ३ वर्षांखालच्यांना आम्ही घरी न्यायची पाकिटं देतो, वजन-उंची घेतो, कुपोषण पाहायला दंडाला पट्टी लावतो, लसीच्या दिवशी बोलावतो, पण सांभाळत नाही. म्हणजे सांभाळायला जे सगळ्यात अवघड लेकरू, त्याच्यासाठीच बहुतेक गावात काही नव्हतं. आपल्या राज्यात १९७५ ला ही योजना आली तेव्हा सुरुवातीच्या प्रकल्पांत आमच्याच जिल्ह्यातली धारणी होती, मेळघाटातली, तेव्हापासून आमचं सगळं लक्ष आहार, वजन आणि लस यावर. आई मजुरीला गेल्यावर रांगतं लेकरू कुठं जाते हे आमच्या रजिस्टरात विचारलेलंच नाही. पाळणाघरांची केंद्राची योजना २००६ पासून होती, ती २०२२ ला केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्तीत "पाळणा" नावानं आली आणि अंगणवाडीला जोडून पाळणे काढायचं ठरलं. नियम असा: ६ महिने ते ६ वर्षं, एका ठिकाणी २५ पर्यंत लेकरं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस.

आता २५ हा आकडा. कागदावर छान दिसतो. तुम्ही डोळ्यासमोर आणा, दोन बाया, त्यातली एक खिचडी टाकून राहिली, दुसरी एकाचं ढुंगण धुऊन राहिली, आणि बाकीची चोवीस? चालणारी-बोलणारी असली तर चालून जाते, त्यात सात-आठ रांगणारी असली तर देवच पाहते. तुमच्याकडे बारा आहेत हे चांगलं आहे. पण वेचणी जोरात आली की किती होतात ते पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन मोजा.

आणि जाताना सकाळी दहाला जाऊ नका. सकाळी दहाला सगळेच पाळणे चांगले दिसतात. न सांगता दुपारी एकला जा, जेवण आणि झोपेच्या वेळी. हात पुसायचं फडकं सगळ्यांचं एकच आहे का, प्यायचं पाणी कुठून घेतात, गॅस लेकरांच्या खोलीतच आहे का, दाराला वरची कडी आहे का, कोण न्यायला आलं तर लेकरू देतात, हे पाहा. शांत पाळणाघर पाहून खुश होऊ नका बरं. दीड-दोन वर्षांची बारा पोट्टी जागी आहेत आणि आवाजच नाही, तर काहीतरी चुकून राहिलं आहे. ताई त्यांच्याशी बोलते का ते ऐका, नुसतं "बस, ऊठ, चूप" नाही, तर "अगं तुझ्या फ्रॉकवर चिमणी आहे वाटते" असं बोलणं. लेकरू तिथं बोलायला शिकते की गप्प बसायला, ते यावरच ठरते.

ठेवायचं ठरलं तर पहिले दोन-तीन दिवस तुम्ही संगं बसा, मग एक तास सोडून जा, मग जेवणापर्यंत. आणि कृपा करून लपून पळू नका. बहुतेक आया हेच करतात, लेकरू खेळायला लागलं की मागच्या दारानं पसार. मग ते लेकरू आठवडाभर खेळतच नाही, दाराकडंच पाहत बसते. सांगून जा, रडलं तर रडू द्या. तिला घड्याळ समजत नाही, पण तुम्ही जाता आणि परत येता हे आठ-पंधरा दिवसांत समजते. तुमची एक जुनी, न धुतलेली साडी संगं द्या झोपताना.

राहिली आमची बाजू. सेविकेला मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरायचा, मतदार यादीचं काम, २०२४ ला लाडकी बहीणचे फॉर्म आम्हीच भरले, मिटिंगा तर विचारूच नका. म्हणून पाळण्याला वेगळी ताई आहे हे बरं, फक्त तिलाही सेविका समजून मिटिंगला पाठवतात का हे विचारून घ्या. पाठवत असतील त्या दिवशी लेकरू ठेवू नका.

आकडेबाज_नागपूर

वरचे अनुभव वाचले, चांगले आहेत, पण ताईंनी सरळ विचारलं आहे की मनावर परिणाम होतो का, तर त्याचं उत्तर कोणी देत नाहीये म्हणून मी देतो, कडू लागेल.

कॅनडात क्युबेक नावाचा प्रांत आहे. तिथं १९९७ पासून सरकारनं दिवसाला ५ डॉलरमध्ये पाळणाघर द्यायला सुरुवात केली, आधी चार वर्षांच्या मुलांना, मग टप्प्याटप्प्यानं २००० पर्यंत अगदी लहानांनाही. गरीब-श्रीमंत सगळ्यांना. बेकर, ग्रुबर आणि मिलिगन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी क्युबेकची आणि बाकी कॅनडाची मुलं ताडून पाहिली, २००८ ला तो अभ्यास छापून आला. आयांचं कामाला जाणं चांगलंच वाढलं, त्यात वाद नाही. पण मुलांमध्ये चिंता, मारकुटेपणा वाढला, आजारपण वाढलं, आणि आईबापांचं मुलांशी वागणं जास्त कडक झालं, आयांची तब्येत आणि नवरा-बायकोचे संबंधही थोडे बिघडले. हे श्रीमंत देशातलं, जिथं लाईन जात नाही आणि पंखे फिरतात. मग आपल्याकडं काय होईल? मी विरोधात नाही, पण "काही होत नाही, सगळी पोरं शिकतात" असं म्हणून कोणाला ढकलू नये एवढंच.

देवमाणूस_७७

आई जिवंत असताना पाळणाघर कशाला. पैसा पैसा करून लेकरं वाऱ्यावर सोडतात अन म्हातारपणी वृद्धाश्रमात गेले की रडतात.

कारंजाची_सून

भाऊ तुम्ही या वेचाईले ताईच्या जागी. चाळीस किलो झाला की तिले फोन करा, ती घरी पोरगी पाहीन. ताईनं पहिल्याच पोस्टीत लिहिलं आहे की हा सल्ला देऊ नका, वाचत तरी जा.

वावरातला_मास्तर

जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे, स्वतःचंही अडीच एकर आहे. आकडेबाज यांनी मांडलेला अभ्यास खरा आहे, पण त्यातली एक गोष्ट सुटली. तुलना कशाशी? क्युबेकमध्ये पाळणाघर नसतं तर बरीच मुलं घरी असती, आईजवळ नाहीतर शेजारच्या बाईजवळ, गरम घरात, खेळण्यांत. ताईंची पोरगी पाळण्यात नसली तर कुठं असेल हे त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. बाभळीच्या झोक्यात, बिनकठड्याच्या विहिरीपाशी. नाहीतर अकरा वर्षांच्या पोरीच्या कडेवर. आईच्या मांडीवर ती असणारच नाही, कारण आईच्या मांडीवर त्या वेळी कापसाचा ओटा बांधलेला असेल. त्यामुळं "पाळणा की आई" हा प्रश्न वेचणीच्या सीझनमध्ये आपल्याकडं नसतोच हो.

धुऱ्याचं कौतुक करणाऱ्यांसाठी आणखी एक. २०१७ ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. ती मोठी, धट्टीकट्टी माणसं होती. शेजारच्या वावरात पंप चालू आहे आणि इकडं झोक्यात लेकरू आहे हे मी दर हंगामात पाहतो. आणि आमच्याकडं असलेली डबकी, विंचू, काटे हे वेगळं सांगायला नको.

आता त्या अकरा वर्षांच्या पोरीबद्दल, कारण ती माझ्या वर्गातलीच आहे असं समजा. दिवाळीनंतर पाचवी ते सातवीच्या मुलींची हजेरी मी रोज घेतो, आणि कोणाच्या घरी लहान बाळ आहे हे मला हजेरीवरूनच कळते, विचारावं लागत नाही. दोघी-तिघी तर भावाला कडेवर घेऊनच वर्गात येतात. मी बसू देतो, साहेब आले तर पाहू. एकीनं मागच्या वर्षी अपूर्णांक शिकताना भावाला मांडीवर थोपटत थोपटत गणितं सोडवली आणि माझ्या आधी उत्तर सांगितलं. यंदा ती येत नाही. दोन महिने म्हणून थांबतात त्या दोन महिन्यांनी येत नाहीत, कारण तोवर वर्ग पुढं गेलेला असतो आणि लाज वाटते.

हे नवीन नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांना हेच दिसलं होतं. (त्या लग्नानंतर काही वर्षं अमरावतीला होत्या, यजमान तिथं वकील, हे आपल्याकडं फार जणांना माहीत नसते.) पुढं १९४५ ला बोर्डीला आणि नंतर कोसबाडला (दोन्ही आताच्या पालघर जिल्ह्यात) त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं तेव्हा मुलं शाळेत येईनात, कारण धाकटी भावंडं सांभाळायची होती. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी ठेवली, विकासवाडी म्हणत. पोरगी भावाला घेऊन येईल, त्याला तिथंच सोडेल, स्वतः वर्गात बसेल. गुरं चारणाऱ्यांसाठी तर शाळाच कुरणात नेली. साधा विचार आहे, पण आपल्याला अजून जमला नाही.

आणि दुसरा अभ्यास सांगायचा तर आपल्याच देशातला सांगतो. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्या घेऊन त्यातल्या काही ठिकाणी फक्त एक जास्तीची अर्धवेळ बाई नेमली, लेकरांना शिकवायला. शिकवण्याचा वेळ दुपटीनं वाढला, मुलं जास्त शिकली आणि खुजेपणही कमी झालं. इमारत तीच, पंखा तोच. एक बाई वाढवली. सेविकाताई वर जे म्हणतात की हात किती ते मोजा, ते यासाठी.

आकडेबाज_नागपूर

मास्तर, मुद्दा मान्य. तुलना कशाशी हे मी लिहायला हवं होतं. क्युबेकमध्येही जागा घाईघाईत वाढवल्या, चांगली केंद्रं होती तिथं जागा अपुऱ्या आणि बरीच मुलं सुमार ठिकाणी गेली, हे तिथले लोकही म्हणतात. उलट नॉर्वेत १९७५ च्या कायद्यानंतर ३ ते ६ वयाच्या मुलांसाठी जागा वाढल्या, ती मुलं पुढं जास्त शिकली. म्हणजे वयानंही फरक पडतो, तीन वर्षांचं आणि दीड वर्षाचं लेकरू सारखं नाही.

ताईंसाठी एकच जोडतो. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेच्या वर मुलं जन्मापासून बरीच वर्षं पाहिली. त्यात असं निघालं की पाळणाघर चांगलं असलं तर मुलाची भाषा थोडी बरी होते, तास फार जास्त झाले तर थोडी आडदांड होतात, पण या दोन्हीपेक्षा घरी आई कशी वागते, लेकराचं ऐकते का, याचा परिणाम जास्त मोठा. मी पहिल्या पोस्टीत जरा जास्तच घाबरवलं, ते मागं घेतो. चार-साडेचारला आणता आली तर आणा, साडेसात तास भरलेच पाहिजेत असं नाही.

आबाजी

नातू टाईप करून राहिला, मी सांगून राहिलो. माह्या मायनं मले धुऱ्यावर वाढवलं, ते खरं हाय. पण तुमी लोकं ते लय गोड करून सांगता. मायनं मरायच्या आधी मले सांगतलं का बापू तुले मी रोज सकायी अफूची बारकी गोयी चाटवो, म्हून तू निजून राहे, नाईतर मुकरदम कामावर ठेवत नोयता. आमच्या गावात सगळ्याच बाया देत. एक पोट्टं निजलं ते उठलंच नाई, ते माह्या मावशीचं होतं. तवा असा पायना असता तं मायनं हात जोडले असते. पोरीले ठेव बाई. अन पंखा पाह्यजो.

संत्र्याचा_बगीचा

वरूडकडचा आहे. बाप म्हणून लिहितो, वरती सगळ्या आयाच बोलून राहिल्या.

आमच्याकडं बायको संत्रा भरायच्या शेडवर जाते, आंबिया बहाराची संत्री निघतात तेव्हा. पोरगा दोन वर्षांचा होता. पहिली अडचण मनाची नव्हती, वेळेची होती. शेडवर आठला हजर व्हावं लागे अन पाळणा उघडे दहाला, मग त्या दोन तासांचं काय? महिनाभर रोज सकाळी घरात भांडण. मी म्हणो तू उशिरा जा, ती म्हणे तू घरी थांब, अन पोरगा मधात उभा राहून दोघांच्या तोंडाकडं पाहे. वर ते कॅनडावाल्यांचं वाचलं की नवरा-बायकोत बिघडते, तर बिघडते भाऊ, पण पाळण्यामुळं नाही, घड्याळामुळं. मग बचत गटाच्या बायांनी ग्रामसभेत विषय घेतला की कामाच्या वेळेप्रमाणं वेळ ठेवता येते असं योजनेतच आहे, तेव्हा कुठं साडेसातला उघडायला लागला, अन दुपारी तीनला बंद. आता तीनला कोण आणणार? मी. सुरुवातीला लाज वाटे, पारावरचे हसत. आता तीन-चार बाप येतात, आमचा एक ग्रुपच झाला आहे तिथं, भाव-बिव तिथंच कळतात.

आणि खरं सांगतो, त्याआधी मले पोराचं ढुंगण धुता येत नव्हतं. बायकोचे पैसे तिच्या खात्यात येतात, तिनं त्यातून पोराच्या नावानं आरडी काढली, मले दोन महिन्यांनी सांगितलं.

ताई, "तुले बरं वाटते ते कर" म्हणणाऱ्या भाऊले सांगा की न्यायचं काम तुमचं. ठेवायचं तुम्ही ठरवा अन आणायचं त्यांच्याकडं द्या.

पऱ्हाटीवाली

पाच आठवडे झाले, सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते, वेचणीत हातच रिकामा होत नव्हता. ठेवली. काय काय झालं ते सांगते.

सेविकाताईनं सांगितलं तशी न सांगता दुपारी एकले गेली. चार लेकरं झोपली होती अन ताई एकाच चमच्यानं तिघांले खिचडी चारून राहिली होती. मी काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी वाटी-चमचा घरून दिला अन त्यावर लाल नेलपॉलिश लावलं ओळखू यायले, आता सगळ्याच बायांनी आपापले रंग लावून दिले. पंख्याचं असं निघालं की पंखा चांगला होता, रेग्युलेटर जळला होता, दोनशे रुपयांची गोष्ट, दोन महिने पडून. आम्ही सहा जणींनी पैसे काढले अन बसवून घेतला. आबाजीले सांगा पंखा फिरते.

आमची नऊ दिवस रडली. मी लपून पळाली नाही एकदाही, सांगूनच निघाली, पण पहिल्या आठवड्यात वावरात कुठंही कोणाचं लेकरू रडलं की माह्या अंगावर दूध भरून ये, ब्लाउज ओला होई, संगंच्या बाया हसत अन मग त्याच चूप होत. एक जण म्हणाली माहं बी असंच होत होतं. दहाव्या दिवशी सोडली तर मागं वळून पाहिलं नाही तिनं, कारंजाच्या ताईनं लिहिलं होतं ते तेव्हा समजलं. मागच्या आठवड्यात तर घरी मलेच "ताई" म्हणाली एकदा. सासूबाई हसल्या, मले तोंड धुवायच्या निमित्तानं उठावं लागलं.

जेठाची पोरगी शाळेत जाते. परवा आली अन म्हणाली, काकू माझा भागाकार राहून गेला असता. चार वाजता सासूबाई वॉकर धरून ओसरीत येऊन बसतात, पोरगी यायची वाट पाहतात, डॉक्टर इतके दिवस चाला-चाला म्हणत होते ते आता होऊन राहिलं. आणायचं काम नवऱ्याकडं दिलं, चार दिवस विसरला नाही, पाचव्या दिवशी विसरला, ताईनं फोन केला, तेव्हापासून मोबाईलमध्ये गजर लावून ठेवला. सर्दी झाली दोनदा. खाडे झाले पाच. तरी हाती बरे पैसे आले, मोठ्याले स्वेटर घेतलं अन ऑपरेशनचे उसने थोडे फेडले.

मावशी अजून बोलते. बोलू दे.

आता नवीन विचारायचं आहे, सेविकाताई असतील तर सांगा. सोमवारी हिनं एका लेकराच्या दंडाले चावा घेतला, चांगले दात उमटले. त्याची आई माह्यासंगंच वेचाईले असते, ती काही बोलली नाही पण तेव्हापासून दुसऱ्या तासानं, म्हणजे पऱ्हाटीच्या दुसऱ्या ओळीनं चालते. घरी कोणाले चावत नाही ही. हे आकडेबाज दादा म्हणतात ते आडदांडपण का?

सेविका_अमरावती

नाही हो. दाढा येत असतील, हिरड्या दाबून पाहा. आणि त्या वयात शब्द कमी, दात जास्त. ताईला विचारा की चावली तेव्हा हातातलं काही ओढलं होतं का कोणी, बहुतेक तेच असते. कडक भाजलेल्या पोळीचा तुकडा हातात देत जा चावायला, समोर बसूनच. आणि त्या बाईच्या तासानं उद्या तुम्हीच जा.